जुने खेळ आणि सातवी आज्ञा



"फादर, मुस्तफाचा गेम मोबाइलवर फुकट उतरवून घेणे ही चोरी होते का?" आपल्या युवकांच्या एका बैठकीत हा प्रश्न आला तेव्हा खसखस पिकली. ज्यांचे वय आज चाळिशीच्या घरात आहे त्यांना मुस्तफा कोण हे सांगावे लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. 1993 साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' नावाचा खेळ काढला. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये पेटीसमोर उभे राहून, नाणे टाकून तो खेळायचा. त्यातल्या चार पात्रांपैकी धावत येऊन लाथ मारणारा टोपीवाला मुस्तफा आपल्याकडच्या मुलांना इतका आवडला की खेळाचे खरे नाव कोणाच्या लक्षातच राहिले नाही. क्लास बुडवून पार्लरमध्ये जाणाऱ्यांची नावे आम्ही येथे देत नाही. त्यांतले काही जण आता पॅरिश कौन्सिलवर आहेत.

त्या दिवशी आम्ही थोडक्यात उत्तर दिले. पण प्रश्न थोडक्यात मावणारा नाही, आणि तो फक्त पोरांचाही नाही. सातव्या आज्ञेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर खिसेकापू येतो, दरोडेखोर येतो, कचेरीतला लाचखाऊ येतो; आपण स्वतः येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून जे घेतले जाते त्याला वजन नसते, आवाज नसतो, आणि ज्याचे घेतले त्याच्या घरातून काही कमी झालेलेही दिसत नाही. अशा ठिकाणी सदसद्विवेकबुद्धीला डुलकी लागते. "खेळच तर आहे" म्हणून विषय उडवून लावणे सोपे आहे. "सगळे पापच" म्हणून मुलांना घाबरवणेही तितकेच सोपे आहे. दोन्हींमुळे विवेक घडत नाही. म्हणून आधी हे प्रकरण नीट समजून घेऊ.

जुना आर्केड खेळ आज खेळायचा असेल तर साधारण दोन वाटा आहेत. पहिली अधिकृत संग्रहाची. नामको कंपनीने 1995 साली सोनीच्या प्लेस्टेशनसाठी 'नामको म्युझियम' काढले आणि 'पॅक-मॅन', 'गॅलागा' असे एके काळी नाण्यावर चालणारे खेळ एका तबकडीवर घरात आणले. तेव्हापासून असे संग्रह येतच आहेत. जपानची हॅमस्टर कंपनी 2014 पासून 'आर्केड आर्काइव्ह्ज' या मालिकेत एकेक जुना खेळ सुटा विकते. दुसरी वाट इम्युलेटरची. आजच्या संगणकाला कालच्या यंत्राचे सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे इम्युलेटर. यातला सर्वांत प्रसिद्ध 'मेम'. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने फेब्रुवारी 1997 मध्ये त्याची पहिली आवृत्ती दिली आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. जुन्या यंत्रांची अचूक नोंद जपणे हा आपला मुख्य हेतू आहे आणि खेळता येणे हा त्यातून ओघाने मिळालेला लाभ आहे, अशी त्याच्या कर्त्यांची भूमिका आहे.

इम्युलेटरला खेळ मात्र बाहेरून द्यावा लागतो. मूळ पेटीत खेळाचा प्रोग्रॅम रॉम नावाच्या चिपांमध्ये भरलेला असतो. त्या चिपांची नक्कल काढून जी फाइल तयार होते तिलाही लोक 'रॉम'च म्हणतात. आपला प्रश्न या फाइलचा आहे, इम्युलेटरचा नव्हे. प्लेस्टेशनच्या इम्युलेटरवरून सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर खटला भरला, तेव्हा 2000 साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने इम्युलेटर बनवणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्याच्या यंत्राचा अभ्यास करून तसे वागणारे यंत्र बनवणे हा काही गुन्हा नाही. आणि गंमत अशी की पैसे मोजून घेतलेल्या संग्रहाच्या पोटातही पुष्कळदा इम्युलेटरच असतो. अमेरिकेच्या डिजिटल इक्लिप्स कंपनीने 1990 च्या दशकातच विल्यम्स कंपनीचे जुने खेळ याच पद्धतीने बाजारात आणले होते. तेव्हा संग्रह खरा आणि इम्युलेटर खोटा, हा भेद यंत्राच्या पातळीवर टिकत नाही. असलाच तर तो न्यायाच्या पातळीवर असणार.

येथे थोडे विषयांतर करतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला थीसियसच्या जहाजाचे कोडे घातले जाते. जहाजाची एकेक फळी कुजली तशी बदलत गेली. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज राहिले का? पेटी गेली, काचेचा जाड पडदा गेला, लाकडी चौकटीवरचा दांडा गेला. मोबाइलवर जे उरले तो तोच खेळ आहे का? ॲरिस्टॉटल आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनस द्रव्य आणि रूप असा भेद करतात. लाकूड हे द्रव्य, जहाजपण हे रूप. खेळाचे रूप म्हणजे त्याचे नियम, त्याची चाल, त्याचा ताल. ते टिकले तर खेळ टिकला.

पण रूप टिकवणे वाटते तितके सोपे नसते. ताइतो कंपनीचा 1978 चा 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. शत्रू मारत जाल तसतसे उरलेले अधिकाधिक वेगाने चालून येतात. हा वेग मुळात यंत्राच्या दुबळेपणातून आलेला. पडद्यावरच्या आकृत्या कमी झाल्या की चिपचे काम हलके होई आणि उरलेल्या आकृत्या भराभर सरकत. खेळाचे रचनाकार तोमोहिरो निशिकादो यांनी तो दोष तसाच राहू दिला आणि तोच खेळाचा प्राण ठरला. 'पॅक-मॅन'मध्ये 256 व्या पातळीवर मोजणीचा आकडा त्याच्या जागेत मावेनासा होतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. प्रामाणिक नक्कल हा दुबळेपणा आणि ही चूकही जपते. इतकी माया लावून कोणी दुसऱ्याच्या कामाची नोंद ठेवतो तेव्हा त्याला सरसकट चोर म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

त्यातून कॅपकॉमच्या बॅटरीची हकिगत ऐका. 1993 पासूनच्या आपल्या एका बोर्डमालिकेत या कंपनीने प्रोग्रॅम सांकेतिक रूपात ठेवला आणि तो उघडण्याची किल्ली एका बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवली. नकली बोर्डांना आळा घालणे हा हेतू होता, आणि तो वाजवीच होता, कारण त्या काळी नकली बोर्डांचा सुळसुळाट होता. पण बॅटरी संपली की किल्ली जाई आणि किल्ली गेली की खेळ मरे, रोख पैसे मोजून बोर्ड घेतलेल्या मालकाकडेसुद्धा. 2007 साली हे कुलूप पुरते उलगडले. उलगडणाऱ्यांत साल्मोरियाही होते. मालकाने विकत घेतलेली वस्तू मुकी होऊ नये म्हणून कोणी परवानगी न घेता कुलूप उघडले. ही चोरी आहे का?

कॅथलिक कॅटेकिझममध्ये चोरीची व्याख्या आहे (क्र. 2408). तिच्यातला एक शब्द आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मालकाच्या इच्छेविरुद्ध घेणे म्हणजे चोरी, एवढेच तेथे म्हटलेले नाही; मालकाच्या वाजवी इच्छेविरुद्ध, असे म्हटलेले आहे. सगळा प्रश्न या 'वाजवी' शब्दापाशी येऊन थांबतो.

ज्या खेळाचा मालक तो खेळ आज विकायला घेऊन बसला आहे, परवडेल अशा किमतीत, आपल्या देशातही मिळेल असा, त्याची इच्छा वाजवी आहे यात शंका नाही. एका कुटुंबाच्या हॉटेलच्या बिलापेक्षा कमी पैशात 'पॅक-मॅन' किंवा 'गॅलागा' रीतसर मिळत असेल आणि तरी आपण तो फुकट उतरवून घेत असू, तर इम्युलेटरच्या महान कार्याचे दाखले देऊन उपयोग नाही. दुकान उघडे आहे, दुकानदार समोर आहे आणि आपण मागच्या खिडकीतून माल काढतो आहोत.

मुस्तफाचे तसे नाही. कॅपकॉमने 2018 साली आपल्या मारामारीच्या सात जुन्या खेळांचा एक संग्रह काढला, त्यात मुस्तफा नव्हता. खेळ कॅपकॉमचा, पण पात्रे मार्क शुल्ट्झ या चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेतली आणि नावातली मोटार जनरल मोटर्सची. हक्क असे अनेक हातांत असले की सर्वांची संमती मिळवण्याच्या खटपटीपेक्षा खेळ पडून राहू देणे सोयीचे होते. आणि पडून राहिलेले खेळ थोडेथोडके नाहीत. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, त्या देशात 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ बाजारात रीतसर उपलब्ध नसल्याचे आढळले. विकणार नाही, दाखवणार नाही, आणि कोणी जपून ठेवले तर तेही चालणार नाही, अशा इच्छेला वाजवी म्हणणे आम्हाला जड जाते.

संत थॉमस यांनी चोरीची चर्चा करताना सापडलेल्या वस्तूंचाही विचार केला आहे. समुद्रकिनारी सापडलेले रत्न कोणाचेच नव्हते. ते उचलणारा चोर नाही. वाटेत पडलेली वस्तू कोणाची तरी असते. तिचा मालक शोधून ती परत करण्याच्या मनाने उचलली तर चोरी नाही. मालकाने ती टाकून दिली आहे असे प्रामाणिकपणे वाटून ठेवली तरीही चोरी नाही. पण परत करण्याची तयारीच नसेल, तर सापडले म्हणून ठेवून घेणाऱ्याला संत ऑगस्टिन चोरच मानतात, आणि संत थॉमस त्यांचा दाखला देतात.

ही तयारी खरी आहे की तोंडदेखली, हे कसे ओळखायचे? याचे एक चांगले उदाहरण घडून गेले आहे. मुस्तफाबरोबरच, म्हणजे 1993 सालीच, कॅपकॉमने मार्व्हलच्या चित्रकथेवरून 'द पनिशर' नावाचा खेळ काढला होता. तोही वर्षानुवर्षे कोणत्या संग्रहात येत नव्हता. लोक म्हणत, विकत मिळतच नाही तर काय करणार? 2024 साली तो अधिकृत संग्रहात आला. ज्यांनी इतकी वर्षे ही सबब दिली त्यांच्यापैकी कितींनी मग पैसे मोजले? आकडा देवाला ठाऊक. पण ज्याने मोजले त्याने ती वस्तू एवढे दिवस विश्वस्तासारखी सांभाळली, आणि ज्याला त्याची आठवणही झाली नाही त्याला सबब हवी होती, खेळ नको होता.

कायद्याचे काय, असे वडीलधारे विचारतील, आणि विचारायलाच हवे. आम्ही वकील नाही, पण एवढे सांगता येते की आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत चालते. वस्तू पडून आहे एवढ्याने हक्क संपत नाही. अमेरिकेत ग्रंथालयांनी संशोधकांना जपलेले जुने खेळ दुरून पाहू देण्याची सवलत मागितली, तीही तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये नाकारली. न्याय्य कायदा सद्सद्विवेकालाही बांधतो, ही संत पौलापासूनची शिकवण आहे.

मात्र त्याच परंपरेत 'एपिकेया' नावाचा एक सद्गुण आहे. ॲरिस्टॉटलने त्याला नाव दिले, संत थॉमस यांनी त्याला न्यायाचा भाग मानले. कायदा करणारा सर्वसाधारण परिस्थिती पाहून नियम घालतो. एखाद्या विरळ प्रसंगी नियमाचे अक्षर नियमाच्याच हेतूवर उलटले, तर हेतूला धरून वागावे. तलवार ठेवायला देणारा वेडाच्या झटक्यात ती परत मागू लागला, तर ती देऊ नये, हे त्यांचे उदाहरण. कॉपीराइटचा हेतू कर्त्याला मोबदला मिळावा आणि कृती लोकांपर्यंत पोहोचावी हा आहे. कृती कोणाकडेच पोहोचू नये आणि कर्त्यालाही काही मिळू नये, असा परिणाम होत असेल तेथे एपिकेयाला जागा आहे असे आमचे मत आहे. मत म्हणूनच घ्यावे. आणि एपिकेया म्हणजे सोय नव्हे, हेही लक्षात असू द्या. मुस्तफाचा एक खेळ ठेवणाऱ्याच्या बाजूने आम्ही बोलू. पाच हजार खेळांची पिशवी एका रात्रीत उतरवून घेणाऱ्याच्या बाजूने नाही, कारण त्यातले निम्मे तो कधी उघडणारही नाही. त्याला खेळांचे प्रेम नाही, फुकटाचे आहे.

पिशवीवरून आठवले. बाजारात असंख्य खेळ भरलेली स्वस्त यंत्रे मिळतात. नाताळला किंवा कम्युनियनला मुलांना ती भेट दिली जातात. पुष्कळ पालकांना वाटते, आपण तर पैसे दिले. पैसे दिले खरे, पण कोणाला? ज्याने खेळ बनवले त्याला नाही, ज्याच्याकडे हक्क आहे त्याला नाही, ज्या स्वयंसेवकांनी इम्युलेटर फुकट दिला त्यांनाही नाही. घरी एकट्याने जुना खेळ खेळणाऱ्या मुलापेक्षा हा व्यापार आम्हाला कितीतरी अधिक गंभीर वाटतो. अजाणतेपणी घेतले त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पुढच्या वेळी विचारून घ्यावे.

युवकांपैकी एकाने बिनतोड वाटावा असा मुद्दा मांडला होता. पैसे कंपनीला जातात, खेळ रचणाऱ्याला कुठे जातात? मुद्दा खरा आहे. 'पॅक-मॅन'चे जनक तोरु इवातानी हे नामकोचे पगारी नोकर होते. अटारी कंपनी आपल्या रचनाकारांची नावे खेळावर देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी आपले नाव 'ॲडव्हेंचर' या खेळातल्या एका गुप्त खोलीत लपवून ठेवले. मजुराच्या मोबदल्याबद्दल संत याकोबाचे पत्र किती कडक बोलते हे आपणांस माहीत आहे. पण मजुराला कमी मिळाले म्हणून मालकाच्या कोठारातले धान्य आपण आपल्या घरी नेले, तर मजुराच्या ताटात काय पडते? उलट चांगल्या संग्रहाने या अन्यायाची थोडी तरी भरपाई होते. डिजिटल इक्लिप्सने 2022 साली काढलेल्या 'अटारी 50' मध्ये खेळांबरोबर ते बनवणाऱ्यांच्या मुलाखती आहेत. नाव लपवावे लागलेल्या पिढीला चेहरा मिळाला. अशा संग्रहासाठी दिलेले पैसे आम्ही वायफळ खर्चात धरणार नाही.

कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. 2019 साली कॅपकॉमच्या खेळांचे 'कॅपकॉम होम आर्केड' नावाचे घरगुती यंत्र निघाले. त्यात स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे फुकट घडवलेला 'एफबी अल्फा' हा इम्युलेटर वापरला होता. व्यापारासाठी वापरू नये अशी त्याची अट असताना आपली संमती न घेता तो वापरला गेला, अशी त्यांतल्या अनेकांची तक्रार होती. ते बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा इम्युलेटर सुरू केला. सातवी आज्ञा मोठ्यांनाही लागू आहे. पोपमहोदय बेनेडिक्ट सोळावे यांनी 2009 च्या आपल्या परिपत्रकात बौद्धिक संपदेच्या हक्काचा अतिरेकी आग्रह धरणाऱ्यांना टोकले होते. त्यांच्या मनात मुख्यतः औषधे होती, आणि मुस्तफा हे काही औषध नव्हे. पण ज्ञानावरचा हक्कही सर्वांच्या हितापुढे बेलगाम नसतो, हे तत्त्व तेथे आहे.

आता ज्यांना मनात खुपते आहे त्यांच्यासाठी. इम्युलेटरमध्ये आणि आजच्या बहुतेक संग्रहांतही रिवाइंडचे बटण असते. चूक झाली की दोन पावले मागे जायचे, जणू झालेच नाही. पूर्वी ही सोय नव्हती. रुपया गेला तो गेला, म्हणूनच हाताला घाम यायचा. कुमसार म्हणजे रिवाइंड, अशी समजूत करून घेणारे आम्हाला भेटतात. तसे नाही. पापाची क्षमा होते, पण घेतलेले परत करण्याचे कर्तव्य उरते. आणि या बाबतीत ते अवघड नाही. जो खेळ फुकट घेतला आणि जो आज रीतसर विकत मिळतो, तो विकत घ्यावा. ज्याने पूर्वी पैसे मोजले होते आणि ज्याचे यंत्र बिघडले किंवा दुकानच बंद झाले, जसे निन्टेन्डोच्या वी यंत्राचे ऑनलाइन दुकान 2019 साली बंद झाले, त्याने तोच खेळ इम्युलेटरवर खेळला तर आमच्या मते त्याच्यावर न्यायाचे कोणतेही देणे नाही. जो खेळ कोठेच मिळत नाही त्याच्यासाठी मनाची तयारी ठेवावी, आणि तो आला की मोजावे.

मुस्तफाच्या निमित्ताने एक जवळची गोष्टही बोलून टाकतो. आपल्याच भागातल्या गायकांनी, कोणी कर्ज काढून, भक्तिगीतांच्या कॅसेटी आणि सीडी काढल्या. घरोघरी ती गाणी वाजली. एकाने विकत घेतली, पंधरा जणांनी उतरवून घेतली, आणि देवाचीच गाणी आहेत म्हणून कोणाला काही वाटले नाही. जपानच्या कंपनीचा पत्ता शोधणे कठीण असेल. या गायकांपैकी काही जण रविवारी सकाळच्या मिस्साला आपल्याच शेजारच्या बाकावर असतात, आणि त्यांच्या घरी त्या सीडींचे गठ्ठे अजून पडून आहेत.